उलटसुलट सारखा वाचला जाणारा डीएनए जिवाणूमध्ये का टिकत नाही?

पेट्रीथाळी

नमस्कार. गेले तीन महिने मी एकाच प्लास्मिडपाशी (जिवाणूतील छोट्या वर्तुळाकार डीएनएपाशी) अडून राहिले आहे. आता जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असे वाटल्यामुळे हा धागा काढत आहे.

एका वनस्पतीतील जनुकाची अभिव्यक्ती थांबवण्यासाठी मला हेअरपिन आरएनए (स्वतःवरच दुमडलेला आरएनए) तयार करणारी रचना बांधायची आहे. जनुकाचा ४०० बेसजोड्यांचा एक तुकडा सुलट बसवायचा, तोच तुकडा पुढे उलट बसवायचा आणि दोहोंच्या मध्ये १२ बेसजोड्यांचा सांधा ठेवायचा, एवढेच हे काम आहे. पहिला तुकडा पहिल्याच प्रयत्नात बसला. दुसरा बसवायला घेतल्यापासून मात्र एकही प्लास्मिड धड निघालेले नाही. थाळीवर वसाहती येतात, पण त्यांतून काढलेले प्लास्मिड विकराने (एन्झाइमने) कापून, लांबीप्रमाणे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर चालवले की पट्टी अपेक्षेपेक्षा सुमारे आठशे बेसजोड्यांनी खाली उतरलेली दिसते. म्हणजे नवा तुकडा तर नाहीच, पण आधी नीट बसलेला तुकडाही गेलेला असतो.

मी लायगेज (तुकडे जोडणारे विकर) बदलले, तुकडा आणि वाहक (तुकडा ज्यात बसवायचा ते प्लास्मिड) यांचे प्रमाण बदलले, तुकडा पीसीआरने नव्याने तयार करून घेतला आणि ई. कोलाय जिवाणूच्या नेहमीच्या डीएच-५-अल्फा पेशींऐवजी स्टेबल-३ पेशीही वापरून पाहिल्या. कशानेच फरक पडला नाही. प्लास्मिड एका पेशीत शेकडो प्रती होणाऱ्या जातीचे आहे, त्यावर कॅनामायसिनरोधाचे (या प्रतिजैविकाला दाद न देण्याचे) जनुक आहे आणि पेशी मी ३७ अंशांवर वाढवते. माझ्या हातून काही चुकते आहे, की जिवाणूलाच ही रचना नको आहे?

दुहेरी_गोफ

तुमचा हात चुकत नाही, हे आधी सांगतो. पहिला तुकडा व्यवस्थित बसतो आणि दुसरा आला की दोन्ही जातात, या तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. लायगेशन (तुकड्यांची जोडणी) फसले असते तर पहिला तुकडा जागेवर राहिला असता. तो गेला, याचा अर्थ दोन्ही तुकडे असलेले प्लास्मिड नळीत तयार झाले होते, ते पेशीत शिरलेही होते आणि त्यानंतर पेशीच्या आत ते मोडले.

‘चिमा काय कामाची’ हे वाक्य डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच वाचले जाते. डीएनएची सममिती याहून निराळी असते, कारण तिथे एकच साखळी उलट वाचायची नसून समोरची पूरक साखळी तिच्या दिशेने वाचायची असते. ‘जी-ए-ए-टी-टी-सी’ हा ईको-आर-वन या विकराचा ठसा (ते जिथे कापते तो क्रम) घ्या. समोरच्या साखळीवर तिच्या स्वतःच्या दिशेने वाचत गेलात की पुन्हा ‘जी-ए-ए-टी-टी-सी’ हेच मिळते. सहा बेसजोड्यांची अशी सममिती जिवाणूच्या गुणसूत्रावर शेकडो ठिकाणी असते आणि तिचा कुणालाच उपद्रव होत नाही. लांबी वाढली की मात्र चित्र पालटते, कारण मग त्याच साखळीचा पुढचा भाग मागच्या भागाशी जुळू शकतो आणि साखळी स्वतःवरच दुमडून हेअरपिन तयार होते. दोन्ही साखळ्या एकाच ठिकाणी अशा दुमडल्या तर क्रूसासारखी आकृती उभी राहते. जिवाणूतील वर्तुळाकार डीएनएला ऋण दिशेचा पीळ असतो, आणि क्रूस बाहेर पडला की तो पीळ सैल होत असल्यामुळे पिळाचा ताण या आकृतीला मदतच करतो. डेव्हिड लिली यांनी १९८० साली दाखवले की पीळदार प्लास्मिडमधील उलट पुनरावृत्तीच्या नेमक्या मध्यावर एकेरी डीएनए कापणारे विकर घाव घालते, म्हणजे तिथे दुमडलेल्या घडीचे टोक उघडे पडलेले असते.

या विषयावर बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते, ती आपण टाळूया. एक म्हणजे अशा डीएनएची प्रतच पेशीत टिकत नाही, म्हणजे प्लास्मिड किंवा फाज (जिवाणूचा विषाणू) जगतच नाही. दुसरी म्हणजे प्लास्मिड जगते, पण सममित भाग त्यातून गळून पडतो. पहिलीमागचे मुख्य कारण एसबीसी-सीडी नावाचे विकर आहे. डेव्हिड लीच आणि फ्रँक स्टाल यांनी १९८३ साली दाखवले की पुनर्संयोजनातील (डीएनएच्या अदलाबदलीतील) काही न्यूक्लिएझ, म्हणजे डीएनए कापणारी विकरे, नसलेल्या ई. कोलायमध्ये लांब, अखंड सममिती असलेला लॅम्डा फाज चांगला वाढतो. १९८८ साली हे काम एसबीसी-सी या जनुकाशी जोडले गेले आणि १९९८ साली या जनुकाचे प्रथिन आपल्या जोडीदारासह हेअरपिन प्रत्यक्ष कापते हेही सिद्ध झाले. रानटी वाणाच्या ई. कोलायमध्ये साधारण दीडशे बेसजोड्यांच्या पुढची अखंड सममिती टिकवणे अवघड जाते, ते मुख्यतः या विकरामुळे. तुमची रचना तर आठशेच्या वर आहे.

आपल्या स्वतःच्या पेशींतील एमआरई-११ आणि रॅड-५० ही प्रथिने याच जोडीची नातेवाईक आहेत. म्हणून या विकराकडे केवळ क्लोनिंगमधील (जिवाणूत डीएनएच्या प्रती वाढवण्यातील) अडथळा म्हणून पाहू नये असे मला मनापासून वाटते. प्रतिकृती होताना वाट अडवणारी घडी ते मोडते आणि त्या जागी दोन्ही साखळ्या तुटतात. गुणसूत्रावर २४६ बेसजोड्यांची सममिती बसवून लीच यांच्या गटाने २००८ साली हे तुटणे प्रत्यक्ष दाखवले, आणि ते शेजारच्या जुळ्या प्रतीवरून कसे दुरुस्त होते हेही दाखवले. ही दुरुस्ती रेक-ए या प्रथिनावाचून होत नाही. आपण क्लोनिंगसाठी वापरतो त्या बहुतेक पेशींत रेक-ए मुद्दाम काढून टाकलेले असते, हे तुमच्या बाबतीत ध्यानात घ्यावे लागेल.

सूक्ष्मदर्शी

वरील विवेचनाशी सहमत आहे, पण धागाकर्तीच्या वसाहती वाढत आहेत, म्हणजे त्यांच्या हाती लागते आहे ती दुसरी गोष्ट, तुकडा गळण्याची. अशा वेळी माझा एकच आग्रह असतो. बिघडलेले प्लास्मिड फेकून देण्याआधी ते वाचून घ्यावे. आपण अचूक क्लोनच्या शोधात चुकीचे क्लोन केराच्या टोपलीत टाकतो, आणि काय घडले याची खूण नेमकी त्यांच्यातच असते.

तुमच्या तीन-चार बिघडलेल्या प्लास्मिडांचा सांध्याच्या आसपासचा क्रम वाचून इथे लिहाल का? मूळ वाहकात दोन्ही तुकड्यांच्या बाहेर, डावीकडे आणि उजवीकडे, कोणता क्रम होता तोही सोबत द्यावा.

पेट्रीथाळी

आपण म्हणालात तसे चार प्लास्मिड वाचून घेतले. चारपैकी तिघांत अगदी एकच सांधा आहे, आणि तो पाहून मी थक्क झाले. मूळ रचनेत डाव्या तुकड्याच्या अलीकडे ‘जी-सी-टी-जी-ए-ए-सी’ हे सात बेस होते, आणि योगायोगाने उजव्या तुकड्याच्या पलीकडेही तेच सात बेस त्याच दिशेने होते. बिघडलेल्या प्लास्मिडमध्ये हे सात बेस एकदाच आहेत आणि मधले सगळे नाहीसे झालेले आहे. चौथ्यात मात्र दोन्ही तुकडे बरेचसे शाबूत आहेत. तिथे मधला सांधा आणि एका तुकड्याचे आतले टोक एवढेच गेले आहे. जेलवर ही पट्टी थोडीच खाली होती, म्हणून मी ती आधी चुकून बरोबर समजले होते.

सूक्ष्मदर्शी

आता सगळे स्वच्छ दिसते. प्रतिकृती होताना दोनपैकी एका साखळीची नक्कल सलग होत जाते आणि दुसरीची तुकड्यातुकड्यांनी. ई. कोलायमध्ये हे ओकाझाकी तुकडे एक ते दोन हजार बेसांचे असतात, त्यामुळे या दुसऱ्या साखळीचा साचा काही क्षण एकेरी, उघडा राहतो. तुमचे चारशेचे दोन्ही बाहू आणि मधले बारा बेस त्या उघड्या पट्ट्यात सहज मावतात आणि तेवढ्या वेळात साचा दुमडतो. नक्कल करणारे पॉलिमरेज डावीकडचे सात बेस उतरवून घडीच्या पायथ्याशी येते आणि अडते. नव्या साखळीचे टोक क्षणभर सुटते, आणि घडीच्या पलीकडे अगदी जवळ आलेल्या त्याच सात बेसांच्या दुसऱ्या प्रतीवर जाऊन बसते. तिथून नक्कल पुढे चालू होते. मधली सारी घडी नव्या साखळीत उतरतच नाही, आणि सात बेस दोनऐवजी एकदाच राहतात. घडी नसती तर या दोन प्रती एकमेकींपासून आठशे बेस दूर राहिल्या असत्या. घडीमुळे त्या शेजारी आल्या, आणि सारा घोटाळा या शेजारामुळे झाला आहे.

चौथे प्लास्मिड मला सर्वांत बोलके वाटते. त्याने बाहू ठेवले आणि फक्त मध्य टाकला. मध्य गेल्यामुळे दोन बाहूंची सममिती केंद्रापाशी मोडली, घडी घालणे अवघड झाले आणि प्लास्मिड तगले. जिवाणूने स्वतःच तुम्हाला उपाय सुचवला आहे. केंद्र सममित ठेवू नका.

रेक-ए काढलेल्या पेशींनी हा बिघाड का थांबत नाही, हेही यावरून उमगावे. हे घसरणे रेक-एच्या मदतीने होणाऱ्या पुनर्संयोजनातून घडत नाही, ते प्रतिकृतीच्या वेळी घडते. सात बेसांची पुनरावृत्ती रेक-एच्या दृष्टीने फारच तोकडी आहे. स्टेबल-३ पेशी लेंटिव्हायरसच्या टोकांवरील लांब, सरळ पुनरावृत्तींसाठी उपयोगी आहेत, कारण तिथे खरोखर पुनर्संयोजनाचा धोका असतो. त्या पेशींत रेक-ए नाही, पण एसबीसी-सी शाबूत आहे. नावात ‘स्टेबल’ आहे म्हणून कोणतीही अस्थिरता त्या आवरतील असे गृहीत धरणे ही फार मोठ्या प्रमाणावर होणारी चूक आहे, आणि तिच्यापायी विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने जातात याचे मला खरोखर वाईट वाटते.

कोशिका

मी एएव्ही या छोट्या विषाणूपासून केलेल्या वाहकांवर काम करते, आणि हा विषय आमच्या रोजच्या कामातला आहे. एएव्हीच्या दोन्ही टोकांना १४५ बेसांची उलट पुनरावृत्ती असते, जिच्यातील १२५ बेस दुमडून टी आकाराची घडी होते. विषाणूची प्रतिकृती आणि बांधणी याच घडीवर अवलंबून असल्यामुळे ती काढताही येत नाही आणि बदलताही येत नाही. आम्हाला ती आहे तशीच जिवाणूमध्ये वाढवावी लागते, आणि तिचे आतले छोटे बाहू वाढीत कधी झडतील याचा नेम नसतो.

यात एक फसवी बाब आहे, ती इथे नोंदवून ठेवते. १९८२ साली सॅमुल्स्की आणि सहकाऱ्यांनी एएव्हीचा जीनोम प्लास्मिडमध्ये घातला आणि मानवी पेशींत तो पुन्हा जिवंत विषाणू म्हणून बाहेर काढला. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की एका टोकाची पुनरावृत्ती अर्धवट गळलेली असली, तरी विषाणू दुसऱ्या टोकाकडे पाहून ती दुरुस्त करून घेतो. म्हणजे प्लास्मिड बिघडलेले असूनही विषाणू तयार होतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका तुटक्या टोकाचे प्लास्मिड वर्षभर वापरले. विषाणू मिळत होता, उत्पन्न मात्र कमी येत होते, आणि मी पेशींच्या वाढीला दोष देत राहिले. आता प्रत्येक मिनिप्रेप (थोड्या वाढीतून काढलेले प्लास्मिड) मी स्मा-वन विकराने २५ अंशांवर कापून पाहते, कारण त्याचा ठसा घडीच्या आतच आहे. आतला बाहू गळला की तिथे काप पडत नाही आणि पट्ट्यांची मांडणी बदलते. नुसत्या सँगर पद्धतीच्या क्रमवाचनावर विसंबून चालत नाही, कारण घडीच्या पायथ्याशी आले की वाचन एकदम ढासळते.

धागाकर्तीने चौथ्या प्लास्मिडबद्दल लिहिले तशी ‘थोडीच खाली’ असलेली पट्टी सर्वांत धोक्याची असते.

दुहेरी_गोफ

पेशी निवडण्याबाबत थोडे. तुमच्या कामाला एसबीसी-सी निकामी असलेला वाण हवा. ‘शुअर’ या नावाने मिळणाऱ्या पेशींत रेक-बी, रेक-जे आणि एसबीसी-सी ही तिन्ही जनुके निकामी आहेत, शिवाय यूव्हीआर-सी आणि यूएमयू-सीसुद्धा. त्यामुळे घडी कापली जाण्याचे संकट टळते. घसरून गळण्याचे संकट मात्र उरते. एसबीसी-सी नसलेल्या पेशीत सममिती जगते एवढेच, तिथे ती कायमची सुरक्षित होते असे कुणी समजू नये.

पेट्रीथाळी

शुअर पेशी मिळवल्या, ट्रान्सफॉर्मेशन केले (त्यांत प्लास्मिड घातले) आणि कॅनामायसिनच्या थाळीवर पसरल्या. सकाळी पाहते तो थाळी पांढऱ्या सायीने भरलेली होती. एकही सुटी वसाहत नव्हती. प्लास्मिड न घातलेल्या पेशींची थाळीही तशीच होती.

दुहेरी_गोफ

हे मी आधीच सांगायला हवे होते, क्षमस्व. शुअर पेशींत यूएमयू-सी हे जनुक टीएन-५ ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) घुसवून मोडलेले आहे आणि टीएन-५ सोबत कॅनामायसिनरोध येतो. त्यांच्या एफ प्लास्मिडवर टेट्रासायक्लिनरोधही आहे. त्यामुळे या पेशींत कॅनामायसिनवर निवड करताच येत नाही. तुम्हाला वाहकच बदलावा लागेल. तो बदलणारच आहात तर अँपिसिलिनरोध असलेला आणि कमी प्रतींचा घ्या. पीबीआर-३२२ जातीच्या प्लास्मिडच्या पेशीत पंधरा-वीस प्रती असतात, पीयूसी जातीच्या त्याच्या कितीतरी पट. जितक्या प्रती, तितक्या घसरण्याच्या संधी.

रात्रपाळी

आमच्या प्रयोगशाळेत असे काही आले की पेशी ३० अंशांवर वाढवतात आणि प्रश्न मिटतो. इतक्या खोलात जाण्याची खरोखर गरज आहे का?

सूक्ष्मदर्शी

३० अंशांवर वाढवण्याला माझा विरोध नाही, मीही तेच करतो. परंतु त्याने प्रश्न मिटतो असे म्हणणे मला मान्य नाही. तपमान उतरल्याने पीयूसी जातीच्या प्लास्मिडच्या प्रती कमी होतात आणि पेशींची वाढ मंदावते, हा फायदा आहे. पण जिथे तुकडा गळायचा तिथे तो ३० अंशांवरही गळतोच.

खरा खेळ बिघाड किती वेळा होतो यापेक्षा बिघडलेल्या पेशी किती वेगाने वाढतात याचा असतो. समजा, अखंड प्लास्मिडची पेशी ३० मिनिटांत दुप्पट होते आणि तुकडा गळालेली २५ मिनिटांत. दहा तासांत पहिलीच्या वीस पिढ्या होतात आणि दुसरीच्या चोवीस. चार पिढ्यांचा फरक म्हणजे सोळा पट. संध्याकाळी सोळा अखंड पेशींमागे एकच बिघडलेली असेल, तर सकाळी दोघी बरोबरीला येतात. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण थाळीवरील सर्वांत मोठी, टपोरी वसाहत उचलण्याची आपली सवय इथे नेमकी उलटी पडते, एवढे त्यावरून पटावे. या कामात बारीक वसाहत उचलावी, छोट्या नळीत वाढवावी आणि वाढ शिगेला पोचण्याआधी थांबवावी.

वर्तुळाकार डीएनएच्या पिळातून सुटायचे असेल तर आणखी एक मार्ग आहे. एन-१५ या फाजचा डीएनए पेशीत सरळ, टोके बंद असलेल्या काडीसारखा राहतो. त्यावर बेतलेले सरळ वाहक २०१० साली प्रसिद्ध झाले, आणि वर्तुळाकार वाहकात न टिकणारे अनेक तुकडे त्यांत टिकतात. पीळच साठत नसल्यामुळे क्रूस उभा राहायला ताण मिळत नाही.

कोशिका

धागाकर्तीच्या कामाला मला सर्वांत सोपा वाटतो तो मधे इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) घालण्याचा उपाय. २००० साली ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या गटाने हेअरपिनच्या मध्यभागी इंट्रॉन घातला, आणि त्यांना जवळजवळ सगळ्या रोपांत जनुक गप्प झालेले दिसले. २००१ साली आलेले पी-हॅनिबल आणि पी-कॅनिबल हे वाहक त्याच कल्पनेवर आहेत. जिवाणूमध्ये इंट्रॉन कापला जात नाही, त्यामुळे तिथे तो दोन बाहूंना दूर ठेवणारा लांब दुरावा म्हणून उभा राहतो. वनस्पतीत मात्र तो कापून निघतो आणि घट्ट हेअरपिन तयार होते. पी-कॅनिबलवर कॅनामायसिनरोध आहे आणि पी-हॅनिबलवर अँपिसिलिनरोध, म्हणून शुअर पेशी वापरायच्या असतील तर पी-हॅनिबल घ्यावा.

दुहेरी_गोफ

थोडे बाजूला जाऊन एक गोष्ट सांगावीशी वाटते. मानवी गुणसूत्र २२ वर ए आणि टी या बेसांनी भरलेली एक लांब सममिती आहे. जिवाणूमध्ये ती टिकतच नव्हती, म्हणून जीनोमच्या नकाशात त्या जागी बराच काळ खिंडार राहिले. गुणसूत्र ११ वरही अशीच एक सममिती आहे. माणसांमध्ये वारंवार आढळणारी ११ आणि २२ या गुणसूत्रांची अदलाबदल नेमकी याच दोन जागी तुटून होते. जिवाणूला जो क्रम झेपत नाही, तोच आपल्या गुणसूत्रावरही तुटण्याची जागा ठरतो. जिवाणू क्लोन देत नाही तेव्हा तो त्या क्रमाविषयी काही सांगत असतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यामुळेच.

पेट्रीथाळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दीड महिन्याने परत लिहिते आहे.

दोन्ही तुकडे अँपिसिलिनरोधाच्या, कमी प्रतींच्या वाहकात नेले, मधे सातशेहून अधिक बेसजोड्यांचा इंट्रॉन घातला आणि बाहेरच्या त्या सात बेसांपैकी उजवीकडचे सात बेस बदलून टाकले. शुअर पेशी ३० अंशांवर वाढवल्या. बारीक वसाहती उचलताना सुरुवातीला पुन्हा फसले, कारण अँपिसिलिनच्या थाळीवर मोठ्या वसाहतीभोवती उगवणाऱ्या उपवसाहतीही बारीकच असतात आणि त्यांच्यात प्लास्मिडच नसते. अँपिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन वापरल्यावर त्या जवळपास नाहीशा झाल्या. उरलेल्या आठ बारीक वसाहतींपैकी पाचांत पूर्ण लांबीची पट्टी मिळाली. इंट्रॉनमध्ये कापून दोन्ही बाहू वेगवेगळे वाचून घेतले, तेव्हा वाचन कुठेही अडले नाही आणि दोन्ही बाहू अखंड निघाले.

एक शंका उरली आहे. यातील एका प्लास्मिडची मोठी वाढ रात्रभर केली, तेव्हा मुख्य पट्टीखाली अगदी पुसट अशी दुसरी पट्टी दिसली. इंट्रॉन घालूनही हे का व्हावे?

सूक्ष्मदर्शी

बाहू अजूनही पूर्णपणे सममित आहेत. इंट्रॉनमुळे घडी पडण्याचा संभव घटतो, पण नाहीसा होत नाही. दोन्ही बाहू आणि इंट्रॉन मिळून सुमारे पंधराशे बेस होतात, आणि एवढा पट्टा एखाद्या लांब ओकाझाकी तुकड्याच्या साच्यात अजूनही मावतो. ती पुसट पट्टी जेलमधून कापून वाचून घ्या. नव्या सांध्यावर दुसरी कोणती तरी छोटी पुनरावृत्ती सापडेल आणि ती सापडली की तीही बदलता येईल. तोवर ग्लिसरॉलमध्ये ठेवलेल्या पेशींतून पुन्हापुन्हा वाढ घेऊ नका. तपासलेला शुद्ध डीएनए उणे २० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यापासूनच नवे ट्रान्सफॉर्मेशन करा.

पुढची पायरी वनस्पतीत जनुके पोचवणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमची असेल, आणि तोही जिवाणूच आहे. त्यात घातल्यावर प्लास्मिड परत काढून पुन्हा ई. कोलायमध्ये चढवा आणि तेच विकर लावून पट्टी पाहा. रोपांना हात लावण्याआधी ही तपासणी झालेली असावी.